एकशे एकतिसाव्या पानावर थांबलेली भिवंडी

"माझा पुस्तक कुनी नेला? कुनाच्या बापाचा व्हता?"

सुक्या मासळीची टोपली वाचनालयाच्या उंबऱ्यावर धाडकन आदळून मावशी ओरडली, तेव्हा आत आमची समितीची बैठक चालली होती आणि हेडमास्तर 'वाचनसंस्कृती' हा शब्द नवव्यांदा उच्चारत होते. मावशी खाडीकाठच्या गावातली. या तीरावरून त्या तीरावरच्या होडीवाल्याला हाक मारण्यात तिचा घसा तयार झालेला. तो घसा तिनं चार भिंतींच्या आत मोकळा सोडला. छपरावरची कबुतरं उडाली ती वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन बसली, असं मला नंतर एसटीच्या एका कंडक्टरनं सांगितलं. शेजारच्या गल्लीत कापड विणणारे चोवीस लूम धडधडत होते. त्या आवाजात शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा हातवारे करून बोलावं लागतं. पण लूमवरची माणसं बाहेर येऊन विचारायला लागली, "क्या हुआ? कौन मर गया?"

मेलं कुणी नव्हतं. पण माझा जीव अर्धा गेला होता, कारण मावशीचं ते पुस्तक माझ्याच दुकानात होतं.

हे प्रकरण सुरू कसं झालं ते आधी सांगतो.

ती भारनियमनाची वर्षं होती. दिवसाचे चार-पाच तास वीज जायची आणि वीज गेली की भिवंडी गप्प व्हायची. ज्यांनी भिवंडी ऐकली नाही त्यांना यातली गंमत कळणार नाही. आमच्याकडे मूल जन्माला येतं ते लूमच्या खडखडाटात, आणि पहिल्यांदा शांतता ऐकली की घाबरून रडतं. त्या शांततेत हजारो माणसं कारखान्यांच्या बाहेर, ओट्यांवर, टेम्पोच्या सावलीत नुसती बसून राहायची. हेडमास्तरांनी कुठंतरी वाचलं की परदेशात एका शहरात सगळे लोक एकाच वेळी एकच पुस्तक वाचतात आणि मग त्यावर बोलतात. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि शिकवायला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, आता सगळ्या भिवंडीला शिकवायचं. वीज गेली की पुस्तक.

समिती झाली. हेडमास्तर अध्यक्ष. चोवीस लूमवाले शेठ खजिनदार. वाचनालयासमोर माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून मी चिटणीस. आणि वाचनालयाचे ग्रंथपाल, जे आठवड्याला सरासरी अकरा शब्द बोलत, ते नुसतेच हजर.

पुस्तक निवडायला बसलो आणि पहिल्या दिवशीच हमरीतुमरी झाली. हेडमास्तरांनी आणलेला ग्रंथ एवढा जाड होता की तो टेबलावर ठेवल्यावर टेबलाचा एक पाय वर उचलला गेला. शेठ म्हणाले, "सर, हे वाचेपर्यंत माझी माणसं गावाला जाऊन, लग्न करून, दोन पोरं घेऊन परत येतील." मग शेठनी एक पातळ पुस्तक काढलं. ते वीज वाचवण्याबद्दल होतं. हेडमास्तर म्हणाले, "ज्या गावात वीजच नाही तिथं हे वाचायचं?" मी म्हणालो, एखादं भुताचं घेऊ. माझ्याकडं दोघांनीही असं पाहिलं, जणू मीच भूत.

पाच बैठका झाल्या. सहाव्या बैठकीत शेठनी टेबलावर हात आपटला. "आम्ही कापड कसं ठरवतो? कुठल्या क्वालिटीला उठाव आहे ते बघतो. लोकांना विचारत बसत नाही. माल बघा! कुठलं पुस्तक जास्त गेलंय? ज्याला उठाव, तेच चांगलं."

आता हे आम्हालाच सुचू शकतं. दुसऱ्या कुठल्या गावात पुस्तक उघडून पहिलं पान वाचून बघितलं असतं. आम्ही प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथं तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक घरी नेलं की परतीच्या तारखेचा शिक्का त्या चिठ्ठीवर पडतो. तीन दिवस आम्ही शिक्के मोजले. बऱ्याच पुस्तकांवर चार, पाच, सात. हेडमास्तरांच्या ग्रंथावर एक, आणि तो त्यांचाच. तिसऱ्या दिवशी खालच्या फळीवरून एक पिवळं पडलेलं पुस्तक निघालं. त्याच्या मागं एक चिठ्ठी भरली म्हणून दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा एकावर एक चिकटवत गेलेल्या चिठ्ठ्यांची जाडी पुस्तकापेक्षा जास्त झाली होती. मी मोजले. दोनशे त्र्याऐंशी शिक्के.

"ये हुई ना बात," शेठ म्हणाले.

पुस्तकाला एक वास होता. हेडमास्तरांनी हुंगलं, शेठनी हुंगलं, मी हुंगलं. सुके बोंबील. हेडमास्तरांचे डोळे भरून आले. "बघा," ते म्हणाले, "लोक जेवतानासुद्धा हे खाली ठेवत नाहीत."

कोपऱ्यातून ग्रंथपाल म्हणाले, "शिक्क्यांवर जाऊ नका."

त्या आठवड्यातले तीन शब्द त्यांनी आमच्यासाठी खर्च केले. आम्ही त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही.

कादंबरी होती छोटीशीच, एकशे अडुसष्ट पानांची. एका म्हाताऱ्याची म्हैस पुरात वाहून जाते आणि तो तिला शोधायला नदीच्या काठाकाठानं गावोगाव हिंडतो. बस, एवढंच. लेखक कधीच गेलेला, प्रकाशकाचं दुकान बंद पडलेलं. ग्रंथपालांनी लेखकाच्या मुलाला पत्र टाकलं, त्याचं पोस्टकार्ड आलं: खुशाल छापा, कुणी वाचलं तर मलाही कळवा. मी माझ्या मशीनवर साठ प्रती काढल्या, स्पायरल लावलं आणि चार दिवसांपूर्वी त्या गावभर वाटल्या होत्या. शाळांत गेल्या, केस कापायच्या दुकानांत गेल्या, चहाच्या टपऱ्यांवर गेल्या. शेठच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, मराठी वाचून हिंदीत सांगायचा. वीज गेली की त्याच्याभोवती आसपासच्या कारखान्यांतली मिळून दीडशे माणसं बसायची. मूळ पुस्तक माझ्या दुकानात राहिलं होतं.

आणि आता मावशी दारात उभी होती.

"बाई, शांत व्हा," हेडमास्तर म्हणाले. "तुमच्यासारख्या शेकडो वाचकांनी निवडलेलं पुस्तक आहे ते. दोनशे त्र्याऐंशी वेळा—"

"ते मीच."

"काय मीच?"

"ते सगले शिक्के माझेच हायत. सहा वरसं झाली. दर हप्त्याला येते, शिक्का मारून घेते, परत नेते. औंदा पावसात खाडा पडला म्हनून हितंच ठेवला व्हता." तिनं ग्रंथपालांकडं बोट केलं. "त्यास इचारा."

ग्रंथपालांनी मान डोलावली.

खोलीत अशी शांतता पसरली की मला वाटलं वीज गेली. शेठ हळूच म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक एकच?"

"आणि तो वास," हेडमास्तर म्हणाले आणि टोपलीकडं बघत राहिले.

मग मावशीनं जमिनीवर बसून जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो. यात माझी भर नाही. पाहिजे तर ग्रंथपालांना विचारा, ते मान हलवतील.

तिच्या गावात सहा वर्षांपूर्वी बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला होता. चार महिन्यांत बंद पडला. तोवर मावशीला अक्षरं जुळवता यायला लागली होती, पण जुळवायला घरात काही नव्हतं. ती मासळी विकायला वाचनालयाच्या भिंतीला लागून बसते. एक दिवस तिनं ग्रंथपालांना विचारलं, मना येक पुस्तक देशील का? ग्रंथपालांनी कपाट उघडून दिलं. तिनं वेष्टनावर म्हैस असलेलं उचललं, कारण निदान चित्रात काय आहे ते तरी तिला कळत होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा टोपलीआड लपवून वाचायचं. एका ओळीवर एक दुपार. पावसाळ्यात खाडा पडायचा, मग मागचं विसरायला व्हायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत सहा वर्षांत ती एकशे एकतिसाव्या पानावर आली होती.

"कुनाला सांगू नको, असा मीच याला बोल्ले व्हते," ती म्हणाली. "लोक हसतात. म्हातारीला भिकेचे डोहाले, बोलतात."

"मग राग कशाचा आला?" शेठनी विचारलं. "तुमचं पुस्तक तुम्हाला परत देतो की. आत्ता देतो."

"पुस्तकाचा न्हाय रं." तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "सकाली तो केस कापनारा माझ्याकडं बोंबील घेवाला आला. त्याच्या हातात तुमचा पुस्तक. बोलतो, मावशे, त्या म्हशीचा काय झाला म्हाईत हाय का? मी दोनी हातांनी कान दाबले. टोपली उचलून पलाले."

तिनं उंबऱ्यावरची टोपली जवळ ओढली.

"माझी सोयरीक झाली ती मना शेजारनीनी सांगितली. भावाची तार आली ती पोस्टमननी वाचली. मी रडायच्या आधी तो रडला. जमिनीचा कागद दिरानी वाचला, मी आंगठा दिला. माझ्या घरची कुटलीबी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडातून फिरून मगच माझ्याकडं आली. ही येकच हाय, जी मी मना स्वताला सांगतेय. शेवट मना पहिला कलला पायजे. आनि तुमी सगल्या भिवंडीला वाटला."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मी सांगतो, चाळीस वर्षं मुलांचे कान पिळलेला माणूस तो.

"दुसरं पुस्तक घेऊ," ते म्हणाले.

"कसं घेणार?" शेठ म्हणाले. "आमच्या गल्लीतली दीडशे माणसं त्या म्हाताऱ्याबरोबर तिसऱ्या गावात पोचलीयत. काल लाइट लवकर आली तर जॉबर बोलला, आज मशीन नंतर चालू करू. माझ्या कारखान्यात! मशीन नंतर!"

तेव्हा ग्रंथपाल उठले. कपाटाची किल्ली खिशात टाकत म्हणाले, "एकशे एकतीसवर थांबवा."

एवढंच बोलले ते. पण मला कळलं. माझं स्पायरल होतं ना! स्पायरलमधून पानं काढता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि साठ ठिकाणी जाऊन प्रत्येक प्रतीतली एकशे बत्तीसपासूनची पानं काढून घेतली. लोकांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या मराठी, हिंदी, तेलुगू आणि उर्दूत होत्या आणि एक अशा भाषेत होती, जी अजून कुठल्या विद्यापीठानं नोंदवलेली नाही. पण कारण सांगितलं की माणसं गप्प व्हायची. चहावाला म्हणाला, "ते सुकटवाली? वाचते?" आणि आपल्या हातानं पानं काढून दिली. मी आणलेला गठ्ठा ग्रंथपालांनी कपाटात घालून कुलूप लावलं. मूळ पुस्तक मावशीकडं गेलं, तारखेच्या नव्या चिठ्ठीसकट.

ज्यांनी चार दिवसांत शेवट गाठला होता असे पाचच जण निघाले. केस कापणारा, दोन शिक्षिका, एक टेम्पोवाला आणि मी. मी तर मशीनवर पान ठेवता ठेवता वाचलेलं. पाच जणांनी वाचनालयात उभं राहून आपापल्या देवाची शपथ घेतली. टेम्पोवाला एवढा धसकला की दोन महिने त्यानं वाड्याच्या रस्त्यावरची भाडी घेतली आणि अंबाडीलाच चहा प्यायला, भिवंडीत तोंड दाखवलं नाही.

आणि मी? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे आमच्या घराण्यात सर्वांना ठाऊक आहे. बहिणीच्या लग्नाची बोलणी मी नवरदेवाच्या आधी गावाला सांगितली होती. अशा माणसाचं दुकान मावशीच्या टोपलीपासून वीस पावलांवर. मी दुकान उघडायला आलो की ती तोंड भिंतीकडं करायची. "तुझा थोबाडच बोलतो," म्हणायची. "माझ्याकडं बगू नको." मग मी रुमालानं तोंड बांधून यायला लागलो. गिऱ्हाइकांना वाटलं, मला कसला तरी संसर्ग झालाय.

मग गंमत झाली. सगळं गाव एकशे एकतीस पान वाचून मावशीच्या मागं येऊन थांबलं. पुढं काय होतं ते फक्त तिच्याकडूनच कळणार. वीज गेली की लूमवाले तिच्या टोपलीशी यायचे.

"मौसी, भैंस मिली क्या?"

"अबी नाय. अबी बुढा नदी उतरता हाय."

"पानी कितना है?"

"कमरतक."

तो निरोप दहा मिनिटांत कल्याण नाक्यापर्यंत पोचायचा. म्हातारा कमरेभर पाण्यात आहे म्हणून माणसं चहा अर्धा टाकायची. ज्या बाईला आजवर सगळं जग वाचून दाखवत होतं, तिच्या तोंडाकडं आता जग बघत होतं. ती पाठ सरळ करून बसायला लागली. बोंबलाला घासाघीस केली तर म्हणायची, "भाव कमी करीन, पन मंग आजचा पान सांगनार न्हाय." लोक मुकाट्यानं पूर्ण भाव द्यायचे. पूर्वी एका ओळीला एक दुपार लागायची, आता दिवसाला अर्धं पान व्हायला लागलं. जोडाक्षर अडलं की ती ग्रंथपालांना खिडकीतून हाक मारायची. ते बाहेर येऊन बोटानं अक्षर फोडून दाखवायचे आणि डोळे मात्र आकाशाकडं ठेवायचे. पुढची ओळ चुकून ओठांवर येऊ नये म्हणून.

एकशे एकसष्टाव्या पानावर सगळं थांबलं.

एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. "मौसी?" असं कुणी विचारलं की ती मासळीवरच्या माश्या वारायची. पुस्तक टोपलीखाली बंद. शेठ म्हणाले, डोळे दुखत असतील, चष्मा करून देतो. हेडमास्तर म्हणाले, मी वाचून दाखवू का? आणि लगेच स्वतःचीच जीभ चावली. दहाव्या दिवशी भर दुपारी, वीज गेलेली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, तेव्हा मावशी माझ्या दुकानात आली. आयुष्यात पहिल्यांदा. मशीनजवळच्या स्टुलावर बसली.

"रुमाल काढ."

मी काढला.

"मेली का रं ती?"

"कोण?"

"नाटका नको करू. म्हैस. मेली न? त्या गावात पोचलाय तो. गोठा दिसतोय त्याला. आत काय हाय ते मना बगवत न्हाय." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "सहा वरसं, रं. सहा वरसं मी त्याच्याबरोबर चालतेय. मेलेल्या म्हशीसाटी चालले का मी? येवढा सांग. मेली का हाय? मंग मी हलूहलू वाचीन. खरंच वाचीन."

आता बघा. माझ्या समोर ती म्हातारी, माझ्या जिभेच्या टोकावर शेवट. फक्त एक शब्द. 'हाय' किंवा 'न्हाय'. माझ्या जिभेला एवढा जड शब्द कधी उचलावा लागला नव्हता. घामानं माझा शर्ट भिजला आणि मशीनवरचे कागदसुद्धा ओले झाले असं मला आठवतं. ती ज्या नजरेनं बघत होती तिच्यापुढं मी नाही, दगडसुद्धा बोलला असता.

"मावशी," मी म्हणालो, "मी सांगितलं तर ती तारच झाली."

तिनं मला एक शिवी दिली. ती मी लिहीत नाही, पण तिच्यात माझ्या आजोबांपासून ते माझ्या अजून न जन्मलेल्या नातवांपर्यंत सगळे सामावले होते. उठली. टोपलीशी जाऊन बसली. टोपलीखालून पुस्तक काढलं आणि बोट ओळीखाली ठेवलं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि खालच्या फटीतून बघत राहिलो. तिचे ओठ हलत होते. त्या दुपारी गिऱ्हाइकं आली, भाव विचारून कंटाळून गेली. वीज आली, लूम सुरू झाले, तिनं मान वर केली नाही. पाच वाजता तिनं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पुढं दहा-बारा दिवस मी माझ्या दुकानात मेल्यासारखा होतो. कुणी झेरॉक्स मागितली तर कोऱ्या कागदांची काढून द्यायचो.

मग एका सकाळी ती वाचनालयात आली, पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि ग्रंथपालांसमोर उभी राहिली. आम्ही सगळे धावलो. जॉबर आला, चहावाला किटली घेऊनच आला.

"झालं?" हेडमास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिलीतल्या मुलासारखा आला.

"झाला."

"मग? भैंस?" जॉबर म्हणाला.

मावशीनं सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. माझ्याकडंही पाहिलं. मी डोळे मोठे केले, जणू मला काहीच माहीत नाही. ती हसली; तिला सगळं कळत होतं.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "आजचा दिवस माझ्याकडं राहू द्या."

कुणी हट्ट केला नाही. दीडशे लूमवाले, साठ प्रतींमागचं सगळं गाव, एक दिवस थांबलं. त्या दिवशी ती टोपली घेऊन बसलीच नाही. खाडीच्या बाजूला एकटीच जाताना दिसली, हात मागं बांधून, लग्नघरातल्या यजमानासारखी. शपथेतले आम्ही पाच सोडले तर गावात एवढ्या माणसांत तिच्या एकटीजवळ तो शेवट होता, आणि ती तो मिरवत होती, कुणालाही न दाखवता.

दुसऱ्या दिवशी वीज बारा वाजता गेली. वाचनालयाच्या अंगणात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती; एक मुंगी आली होती, तिला भिंतीवर बसावं लागलं. ग्रंथपालांनी कपाट उघडून पानांचा गठ्ठा बाहेर काढला, पण कुणी हात पुढं केला नाही. मावशी ओट्यावर बसली आणि तिनं शेवटची तीन पानं मोठ्यानं वाचली. बोट ओळीखाली. खाडीवरून होडीवाल्याला हाक मारणारा तो घसा, पण एक-एक अक्षर सुट्ट्या पैशांसारखं मोजून ठेवणारा. जॉबर मागं उभा राहून हिंदीत सांगत होता.

म्हाताऱ्याला म्हैस सापडते. परक्या गोठ्यात, पाठीशी रेडकू घेऊन उभी. त्या घरातलं लेकरू आईविना आहे आणि तिच्याच दुधावर वाढतंय. म्हैस म्हाताऱ्याला ओळखते, येऊन हात चाटते. घरधनी विचारतो, तुमची का हो? म्हातारा तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणतो, नाही, माझ्या म्हशीच्या कपाळावर पांढरा चांद होता. आणि हात काढत नाही, कारण हाताखाली तो चांद आहे. मग पाणी पितो आणि आल्या वाटेनं नदीकडं परत फिरतो.

मावशी थांबली. जॉबरचं शेवटचं वाक्य हिंदीत पुरं होईना. तो नुसता कपाळावर हात ठेवून उभा राहिला, आणि ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनाही कळलं. शेठ कापडाच्या नमुन्याच्या तुकड्यानं डोळे पुसत होते. हेडमास्तरांना बोलायचं होतं, भाषण लिहून आणलेलं होतं चार पानी, ते त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. मी रडत होतो, आणि माझ्या रडण्यानं अंगणात चिखल झाला, हे मात्र मी थोडं वाढवून सांगतोय.

माणसं पांगल्यावर मी तिच्याजवळ गेलो. ती पुस्तकाच्या पानात अडकलेला जवळ्याचा कण नखानं काढत होती.

"मावशी," मी म्हणालो, "कसा वाटला शेवट?"

तिनं पुस्तक मिटलं.

"मी असते तं म्हैस घेऊन आले असते."